कलादालनात कुंड्या ठेवताय? या चुका टाळा

प्रदर्शन ठरलं की नर्सरीतून चार कुंड्या आणायच्या आणि दालनाच्या कोपऱ्यांत मांडायच्या, हे नाशिकमध्येही सर्रास चालतं. झाडं मलाही हवीत. पण जलरंग, पोथी किंवा येवल्याची जुनी पैठणी ज्या खोलीत आहे, तिथे कुंडी नकोच.

मूळ भांडण उजेडाचं आहे. जलरंग, कागद आणि रेशमावर साधारण 50 लक्सपेक्षा जास्त उजेड पडू नये, असा संग्रहालयांचा दंडक. एवढ्या उजेडात स्नेक प्लांट काही दिवस तग धरतो, वाढत नाही. झाड मलूल दिसलं की कुणीतरी खिडकीचा पडदा सरकवतं. झाड सावरतं, पण चित्राचा उडालेला रंग परत येत नाही. पडद्याला हात लावू नका. कुंड्यांचे दोन जोड ठेवा आणि आलटूनपालटून सावलीच्या व्हरांड्यात हलवा.

कुंडीभोवती चिलटं घोंघावतायत? माती सतत ओली राहतेय. बोट दोन पेरं आत खुपसून पाहा, ओल लागली तर पाणी नको. बशीत साचलेलं पाणी ओतून टाका, मातीजवळ पिवळी चिकट कार्डं लावा. चिलटं चित्र खात नाहीत, पण मेलेल्या किड्यांवर कार्पेट बीटलच्या अळ्या पोसतात आणि मग त्या लोकर, रेशमाकडे वळतात. पावसाळ्यात जास्तच जपा: आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर टिकली की कागदावर बुरशी धरते.

उद्घाटनाच्या गुच्छांकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. याच बीटलचे प्रौढ किडे परागकणांवर जगतात, म्हणजे फुलांसोबत ते थेट दालनात येऊ शकतात. गुच्छ दाराशीच घ्या, बाहेरच ठेवा.

नवीन झाड तीन-चार आठवडे वेगळं ठेवा. पानांची खालची बाजू आणि देठांची बेचकी भिंगातून तपासा. कापसासारखे पांढरे ठिपके म्हणजे मिलीबग. फवारणी, खत, पानं चमकवायचा स्प्रे, सगळं बाहेर. काही खतांत क्लोराइड असतं, आणि तांबट आळीतल्या जुन्या भांड्यांना त्यानं हिरवा कळंक चढतो.

मग झाडं कुठे? प्रवेशाशी, तिकीट खिडकीपाशी, व्हरांड्यात. वाड्यात दालन असेल तर चौक आहेच: वरून उजेड, खाली फरशी, पाणी सांडलं तरी बिघडत नाही. फक्त कुंडी लाकडी खांबाला टेकवू नका. ओल धरली की वाळवी लागते.