नवा ऑइल पंप कोरडा बसवू नका

इंजिनचा ऑइल पंप (सगळ्या भागांना ऑइल पोचवणारा) बदलला किंवा खोलून दुरुस्त केला की तो आतून कोरडा असतो. तसाच बसवला तर ऑइल ओढायला वेळ लागतो आणि तेवढ्यात बेअरिंग घासतात. म्हणून:

१. पंप बसवण्याआधी त्याच्या तोंडातून स्वच्छ इंजिन ऑइल ओता आणि गिअर हाताने फिरवत राहा. दुसऱ्या बाजूने बुडबुड्यांशिवाय ऑइल आलं की पंप भरला. लगेच बसवता येणार नसेल तर गिअरच्या फटींत पेट्रोलियम जेली भरा. ती गरम ऑइलमध्ये विरघळून जाते.

२. सक्शन पाइपची (पंपाकडे ऑइल ओढणाऱ्या नळीची) जाळी धुवा, तिथली ओ-रिंग (रबरी सील) नवीनच घाला. जुनी कडक झालेली रिंग हवा ओढते आणि दोष मात्र नव्या पंपावर येतो!

३. फिल्टर नवा लावा, ऑइल भरा. इंधन आणि इग्निशन (म्हणजे प्लगची ठिणगी) दोन्ही बंद ठेवून दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, मध्ये त्याला थंड होऊ द्या. ऑइलचा दिवा विझला की मगच इंजिन चालू करा.

जेलीऐवजी ग्रीस कधीही भरू नका. ते नीट विरघळत नाही, ऑइलच्या वाटा तुंबतात.