हारतुरे नंतर, आधी अर्थिंग

दसरा जवळ आला की बडोद्यात घरोघरी गाडीचं बोलणं निघतं, आणि हल्ली त्यात इलेक्ट्रिकचा विषय हमखास असतो. फोनवर प्रत्येकाला तेच ते सांगून मी कंटाळलोय, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. कंपनी कोणती, रंग कोणता, सनरूफ हवं का, हे मला विचारू नका. टेस्ट ड्राइव्हपासून गाडी दारात उभी राहीपर्यंत काय करून ठेवायचं, एवढंच सांगतो.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमचा मुलगा तुम्हाला जुन्या पादरा रोडवर एक चक्कर मारून आणेल, स्पोर्ट मोड लावून पाय दाबायला सांगेल, पाठ सीटला चिकटेल आणि तुम्ही खूश होऊन घरी याल. पिकअप सगळ्याच इलेक्ट्रिक गाड्यांना असतो. मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण टॉर्क (चाक फिरवणारा जोर) देते, त्यात त्या एका गाडीचं कौतुक काही नाही. तुम्ही दुपारी तीनची वेळ मागा. रोज जेवढी माणसं बसणार तेवढी घेऊन जा, एसी लावा, ट्रिपमीटर शून्यावर आणा आणि बॅटरीचा टक्का दिसेल असा स्क्रीनचा फोटो काढा. अर्धा वेळ मांडवी-न्यायमंदिरच्या गर्दीत चालवा, अर्धा हालोल रोडला. (याच रस्त्याला पुढे हालोलमध्ये पूर्वीचा जनरल मोटर्सचा कारखाना आहे, तिथे आता एमजीच्या इलेक्ट्रिक गाड्या बनतात.) परत आल्यावर पुन्हा फोटो. ब्रोशरमधला रेंजचा आकडा चाचणीतला असतो, तो विसरा. छोटी एसयूव्ही गावात विजेच्या एका युनिटला (ब्रोशरमध्ये kWh लिहितात तेच) आठेक किलोमीटर देते आणि शंभरच्या वेगाने साडेपाच-सहावर येते, कारण साठवरून शंभरवर गेलात की हवेचा अडथळा जवळजवळ पावणेतीन पट होतो. म्हणजे ३० युनिटची बॅटरी असेल तर अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर फार तर पावणेदोनशे किलोमीटर धरा. एक्स्प्रेसवे ९३ किलोमीटरचा. जाणं निवांत होईल, पण तिथे दिवसभर हिंडून न भरता परत येईन म्हणालात तर वासदच्या आसपास घाम फुटेल.

आईला किंवा सासूबाईंना मागच्या सीटवर बसवा. बॅटरी खाली असल्यामुळे फरशी उंच येते, गुडघे वर होतात आणि मांडीला आधार मिळत नाही. पुढे बसणाऱ्याला हे कधीच कळत नाही. रीजन ब्रेकिंगचे (पाय उचलला की मोटरच गाडी अडवते आणि थोडी वीज बॅटरीत परत भरते, त्याचे) सगळे टप्पे लावून बघा. सगळ्यात कडक टप्प्यावर पाय उचलला की गाडी अशी अडते की मागच्यांना मळमळतं. आणि बॅटरी शंभर टक्के भरलेली असताना रीजन जवळजवळ मिळतच नाही, हे पावागडला माचीवरून उतरताना लक्षात ठेवायचं. भरलेल्या गाडीने तुमच्या सोसायटीचा स्पीडब्रेकर आणि बेसमेंटचा रॅम्प एकदा ओलांडा. डिकी उघडून स्टेपनी आहे का बघा, बऱ्याच गाड्यांत नुसती पंक्चर किट असते. झालं.

आता बुकिंग झालं. गाडी यायला काही आठवडे आहेत. या काळात लोक सीट कव्हर बघतात, डॅशबोर्डवरचा गणपती बघतात, मुहूर्त बघतात. बघा. पण आधी अर्थिंग बघा.

अर्थिंग म्हणजे प्लगमधली ती वरची जाड पिन जिथे जाते ते, गळलेला करंट जमिनीत सोडणारी वाट. टीव्ही, मिक्सर, वॉशिंग मशीन अर्थिंगशिवायही चालतात, म्हणून आपल्याला वाटतं की ते आहे. गाडीचा चार्जर तसा नाही. तो आधी अर्थ तपासतो, पसंत पडला तरच करंट घेतो. नाहीतर लाल दिवा. गाडीत बिघाड नाही, चार्जरमध्ये बिघाड नाही, फक्त लाल दिवा. मागच्या वेळी आमच्याकडे पेढे वाटून झाले, गाडीला ओवाळून झालं आणि रात्री प्लग लावला तेव्हा हेच झालं. घरात अर्थिंग नव्हतं. आमचं दांडिया बाजारातलं जुनं घर, तिथे अर्थची वायर पूर्वी पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधलेली. बाथरूम नवं केलं तेव्हा प्लंबरने लोखंडी पाइप काढून प्लॅस्टिकचे घातले. वायर अजून त्याच पाइपाला क्लॅम्पने घट्ट बांधलेली होती, नीट, व्यवस्थित, प्लॅस्टिकला. इतकी वर्षं कोणाला पत्ता नाही.

तुमचं घर नवं असेल, टेनामेंट असेल, फ्लॅट असेल, तरीही बघा. बिल्डरने अर्थिंगचा खड्डा केला असेलच असं नाही, आणि केला असला तरी तुमच्या पार्किंगपर्यंत वायर आणली असेलच असं नाही. वायरमनला विचारलंत तर तो म्हणेल, "साहेब, अर्थिंग तो छे ज ने!" (आहेच की!) त्याच्या म्हणण्यावर जाऊ नका. टेस्टर लावून दाखवेल, त्यावरही जाऊ नका, टेस्टरने फेज कळतो, अर्थ कळत नाही. मल्टिमीटर आणायला सांगा. ज्या सॉकेटवर गाडी लागणार त्याच सॉकेटवर तीन मापं घ्यायची. फेज आणि न्यूट्रल, २३०च्या आसपास. फेज आणि अर्थ, जवळजवळ तेवढंच. न्यूट्रल आणि अर्थ, दोन-तीन व्होल्टच्या आत. हे तिसरं माप महत्त्वाचं, आणि ते गीझर, इस्त्री, एसी सगळं चालू ठेवून घ्यायचं. रिकाम्या घरात दीड व्होल्ट दाखवणारं मीटर भार आल्यावर आठ दाखवू शकतं, आणि गाडीचा चार्जर भारावरच चालणार आहे.

अजून एक, आणि हे रागानेच लिहितोय. लाल दिवा घालवायला काही वायरमन सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देतात. दिवा लगेच हिरवा होतो, पाच मिनिटांचं काम, शंभर रुपये. ते अजिबात करू द्यायचं नाही. मागे कुठे न्यूट्रल तुटली तर गाडीचा पत्रा थेट फेजला येईल, आणि पावसात ओल्या चपलेने दार उघडायला तुमचंच पोर जाईल. कोणी असं करून गेलं असेल तर सॉकेट उघडून आजच बघा.

खड्डा नवीनच करायचा असेल तर मीठ-कोळशाचा चालतो, केमिकलवाला बिनकटकटीचा. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, सुकते, आणि श्रावणात झकास येणारं माप मे महिन्यात बिघडतं. म्हणून खड्ड्यावर झाकण ठेवा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत चला. छपरावर सोलर असेल तर बहुधा तीन अर्थ आधीच केलेले असतील. त्यातला वीज पकडणाऱ्या लाइटनिंग अरेस्टरचा जो आहे त्याला चार्जर जोडायचा नाही. बाकीच्याला जोडायचा की नाही ते सोलरवाल्याला विचारून ठरवा.

कंपनीचा माणूस घरी सर्व्हेला येतो. फोटो काढतो, टेपने अंतर मोजतो, सही घेतो. सर्व्हे झाला म्हणजे अर्थिंग झालं असं नाही. त्याच्यासमोर मल्टिमीटर लावा. फुकट इन्स्टॉलेशनमध्ये किती मीटर केबल येते तेही त्याच वेळी विचारा, कारण वीजमीटरच्या पेटीपासून पार्किंग लांब असतं आणि पुढच्या प्रत्येक मीटरचे पैसे तुमचे.

भार. सोबत येणारा छोटा चार्जर साधारण ३.३ किलोवॅटचा, त्याला १६ अँपियरचं सॉकेट पुरतं. ४५ युनिटची बॅटरी त्यावर भरायला चौदा-पंधरा तास. भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा, तो निम्म्याहून कमी वेळात भरतो पण ३२ अँपियर ओढतो. त्याला ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपियरचा आरसीबीओ (करंट गळला की वीज तोडणारा) हवा. वीजबिल काढा, मंजूर भार किती ते बघा. तीन-चार किलोवॅट असेल तर भार वाढवण्याचा अर्ज आजच करा, कदाचित थ्री फेज मीटरही लागेल. आपण अजून जीईबीच (जुनं गुजरात वीज मंडळ) म्हणतो, अर्ज मात्र एमजीव्हीसीएल या वीज कंपनीकडे जातो. इलेक्ट्रिक गाडीसाठी वेगळं कनेक्शनही मागता येतं, २०२४च्या फेब्रुवारीत केंद्राने ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत तशी सोय केली आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींना ते आधी सांगून ठेवा, मीटिंगमध्ये कोणीतरी "आग लागली तर?" म्हणणारच. एक्स्टेंशन बोर्ड वापरायचा नाही. का, ते विचारू नका.

चार्जर भिंतीवर किती उंच लावायचा? इथे बडोदेकरांना वेगळं सांगायला नको खरं तर. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा तुमच्या पार्किंगच्या भिंतीवर पाण्याची रेघ कुठे आली होती? तिच्यावर हातभर. समा, मुजमहुडा, वडसरच्या बाजूला राहणाऱ्यांनी बेसमेंटमध्ये चार्जर लावूच नये असं माझं मत. बॅटरी आयपी६७ आहे म्हणून सेल्समन छाती पुढे काढेल. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. दोन दिवस बुडून राहिलेल्या गाडीची हमी त्यात नाही. पावसात अलकापुरीचं गरनाळं (रेल्वेखालचा रस्ता) भरलं की स्कूटरवाल्यांच्या मागे मागे त्यात गाडी घालायची नाही, तेही यातच आलं.

हातात जुनी पेट्रोल गाडी आहे तोवर एक काम उरकून घ्या. मुंबई-पुण्याला जाताना भरूच, कामरेज, वापी या टापूत जिथे चार्ज करणार त्या जागी थांबून बघा. सीसीएस-२ची गन (गाडीत खुपसायचा जलद चार्जिंगचा प्लग) आहे का, एक की दोन, चालू आहे का, समोर कोणी ट्रक लावतो का, रात्री उजेड आणि बाईमाणसाला जाण्यासारखं स्वच्छतागृह आहे का. ॲप उतरवून, पैसे भरून, एकदा चालवून ठेवा. ऐंशी टक्क्यांनंतर डीसी, म्हणजे जलद, चार्जिंग मंद होतं, त्यामुळे शंभर होईपर्यंत तिथे भजी खात बसण्यात अर्थ नाही.

अर्थिंग मोजून झालं? की "बघू, गाडी आल्यावर" चाललंय? गाडी आल्यावर नाही. आत्ता.

डिलिव्हरी. दसऱ्याच्या दिवशी शोरूममध्ये लग्नघरासारखी गर्दी असते, त्या दिवशी गाडी तपासून मिळणार नाही. तपासणी आदल्या आठवड्यात, पैसे पूर्ण भरण्याआधी आणि पासिंगच्या आधी, दिवसाउजेडी करा. मुहूर्ताला फक्त किल्ली आणि नारळ. चासी नंबर बिलाशी आणि फॉर्म २२शी (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा कंपनीचा दाखला) जुळवा, गाडी कोणत्या महिन्यात बनली ते बघा. टायरवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. यार्डात उभ्या राहिलेल्या गाडीची १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरलेली असते, ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उठत नाही, तेव्हा ती तपासून मागा. तुमच्याच डब्यातला चार्जर काढून तिथेच पंधरा मिनिटं लावून बघा. शोरूमला चालला आणि घरी नाही चालला तर दोष कुठे आहे ते लगेच कळतं. आणि गाडी किमान ऐंशी टक्के भरून द्या असं लेखी मागा, नाहीतर वीस टक्क्यांवर हातात ठेवतात.

कागद. जीजे-०६ची हिरवी पाटी, पांढरी अक्षरं. विमा तीन वर्षांचा थर्ड पार्टी, त्यात बॅटरी आणि भिंतीवरचा चार्जर धरलाय का ते विचारा, पुराचं वेगळं विचारा. बॅटरीची वॉरंटी बऱ्याच ठिकाणी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर. गाडी विकली तर पुढच्याला मिळते का ते वाचा. गाडी दहा लाखांवरची असेल तर एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतलेला आयकर) कापतात, तो रिटर्नमध्ये परत मागता येतो. कर्जाच्या व्याजावर आयकरातली ८०ईईबी कलमाची सूट मिळेल असं अजून कोणी सांगत असेल तर ती ३१ मार्च २०२३पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरती होती. फास्टॅग, दोन किल्ल्या, टो हुक, पंक्चर किट, ॲपचा पासवर्ड.

पहिल्या रात्री चार्जिंग लावून लगेच झोपू नका. अर्ध्या तासाने खाली जाऊन प्लगला आणि सॉकेटला हात लावा. कोमट असेल तर चालेल. चटका बसत असेल तर एमसीबी पाडा आणि सकाळी सॉकेट बदलून घ्या.