गाडी टोटल लॉस झाली? निदान या चुका तरी टाळा

मी बॉडीशॉपच्या क्लेम डेस्कवर बसतो, वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागून. समोर येणाऱ्या माणसाची गाडी ठोकलेली असते, मनःस्थिती खराब असते आणि त्याला सगळं आजच्या आज संपवायचं असतं, कारण ऑफिस आहे, ईएमआय आहे, लोकलने जायची सवय मोडलीये. मला त्याचं वाईट वाटतं, खरंच वाटतं, पण त्याच घाईत माणसं लाखभर रुपये घालवतात किंवा पुढच्या काही वर्षांची डोकेदुखी सही करून घरी नेतात. त्याच त्याच चुका बघून आता सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिले एक गोष्ट क्लिअर करू. गॅरेजचं एस्टिमेट मोठं आलं म्हणजे गाडी टोटल लॉस झाली, म्हणजे दुरुस्त न करता पूर्ण गेली असंच धरायची, असं नसतं. पॉलिसीच्या अटींप्रमाणे धरलेला रिपेअरचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत ठरवलेली गाडीची किंमत) 75 टक्क्यांच्या वर गेला तरच ती कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस. आता 'पॉलिसीच्या अटींप्रमाणे' हे महत्त्वाचं, कारण झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर, नसेल तर कंपनीसाठी नुकसान मोजणारा सर्व्हेअर प्लास्टिक-रबरचे 50 टक्के कापतो, पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा लावतो, आणि आमचं 6 लाखाचं एस्टिमेट त्याच्या कागदावर 4 लाखाचं होतं. लोक एस्टिमेट बघून नवीन गाडी बुक करून येतात. बुकिंगचे पैसे अडकतात आणि मग इथे येऊन भांडतात. सर्व्हेअरचं असेसमेंट लेखी हातात येईपर्यंत शोरूमची पायरी चढू नका.

रिन्यूअलला आयडीव्ही खाली ओढणं

ही चूक अपघाताच्या कितीतरी महिने आधी झालेली असते म्हणून जास्त जीव जळतो. ऑनलाइन पॉलिसी घेताना आयडीव्ही कमी-जास्त करायची सोय असते, ती पट्टी डावीकडे ओढली की प्रीमियम कमी दिसतो आणि माणूस खूश. मी त्या पट्टीला हातसुद्धा लावू देत नाही कोणाला, लावायचाच तर उजवीकडे.

कांदिवलीचा एक मुलगा होता, आयटीत कामाला, पहिलीच गाडी. गाडीची एक्स-शोरूम किंमत धरा 10 लाख, तिसऱ्या वर्षात होती म्हणजे ठरलेला घसारा 30 टक्के, आयडीव्ही बसायला हवा 7 लाख. याने तो 6 लाखावर आणला, वाचले असतील हजार-दीड हजार रुपये. मनोरच्या पुढे एका ट्रकच्या मागे गाडी घुसली, तो स्वतः बरा होता, तेवढं देवाने केलं. झिरो डेप होतं, असेसमेंट आलं 4 लाख 80 हजार. आता हिशोब बघा. 7 लाखाचे 75 टक्के म्हणजे सव्वापाच लाख, म्हणजे ही गाडी आरामात दुरुस्त झाली असती आणि बिल कंपनीने भरलं असतं. पण 6 लाखाचे 75 टक्के साडेचार लाख, झाली टोटल लॉस! कंपल्सरी डिडक्टिबलचे, म्हणजे क्लेममध्ये आपण सोसायचे, 1000 वजा जाऊन 5 लाख 99 हजार मंजूर झाले, त्यातले 5 लाख 40 हजार थेट बँकेच्या कर्जखात्यात गेले कारण फायनान्स असेल तर पहिला हक्क त्यांचा, आणि याच्या हातात पडले 59 हजार. गाडी गेली आणि नवीन गाडीचं डाऊन पेमेंटसुद्धा होईना. तो माझ्यासमोर बसून मोबाईलवर परत परत गुणाकार करत होता. चिडावं कोणावर हेच कळत नव्हतं त्याला, कारण कंपनीने नियमाने सगळं बरोबर केलं होतं.

लोकांना वाटतं आयडीव्ही म्हणजे फक्त गाडी गेल्यावर मिळणारे पैसे. नाही, गाडी वाचणार की भंगारात जाणार हेसुद्धा त्याच आकड्यावर ठरतं.

याच्याच उलट बाजूची गोष्ट, ही तुमच्या फायद्याची आहे म्हणून लक्षात ठेवा. पॉलिसी सुरू होताना ठरलेला आयडीव्ही टोटल लॉससाठी पूर्ण वर्ष तोच राहतो, मध्ये आणखी घसारा लावता येत नाही. पॉलिसीच्या अकराव्या महिन्यात ठोकली तरी तोच आकडा. 'साहेब, बाजारात या मॉडेलला आता एवढे येत नाहीत, 40 हजार कमी घ्या आणि मोकळे व्हा' असं कोणी फोनवर बोललं तर त्याला एवढंच म्हणा, ईमेल करा. बहुतेक वेळा ईमेल येतच नाही. मी तर क्लेम इंटिमेशन दिल्याच्या दिवसापासून प्रत्येक फोननंतर दोन ओळींचा मेल टाकायला लावतो, आज अमुक वाजता तुमच्याकडून अमुक सांगितलं गेलं म्हणून. लोकांना कंटाळा येतो याचा. व्हॉट्सअ‍ॅपवर बोललोय ना, म्हणतात. क्लेम नंबरसकट मेलवर असलेलं बोलणंच पुढे कामाला येतं.

सॅल्व्हेजवाल्याला गाडी दिली, कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या, विषय संपला

विषय इथे सुरू होतो. टोटल लॉसमध्ये दोन रस्ते असतात, एक तर कंपनी पूर्ण आयडीव्ही देते आणि मोडकी गाडी तिच्या सॅल्व्हेज म्हणजे भंगार खरेदीदाराकडे जाते, नाहीतर सॅल्व्हेजची किंमत वजा करून उरलेले पैसे देते आणि गाडी तुमच्याकडेच राहते, ती मग तुम्ही विकायची. दोन्हीत शेवटी तो क्रेनवाला दारात येतो आणि म्हणतो, काका इथे इथे सह्या करा. फॉर्म 29, फॉर्म 30, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे फॉर्म, खरेदीदाराचं नाव कोरं, तारीख कोरी. ओरिजिनल आरसी घेतो, दोन्ही चाव्या घेतो, जातो.

भांडुपच्या एका काकांनी असंच केलं. घोडबंदर रोडला गाडी उलटली होती, पैसे वेळेत आले, काकूंनी देवाला नारळ फोडला, सगळं छान. काही महिन्यांनी मोबाईलवर ई-चलनाचा मेसेज. ओव्हरस्पीडिंग, नाशिककडच्या रस्त्यावर. काकांना वाटलं चुकून आला असेल. मग दुसरा, तिसरा. चलनाबरोबरचा फोटो मोठा करून बघितला तर तीच गाडी, तोच नंबर, फक्त बंपर वेगळ्या रंगाचा. गाडी कुठेतरी जोडून-ताणून परत रस्त्यावर आली होती आणि आरटीओच्या रेकॉर्डला मालक अजून काकाच. तेव्हाच ते माझ्याकडे आले असते तर बरं झालं असतं, पण ते चलन भरत राहिले, 'कशाला लफडं' म्हणून. पुढे त्या गाडीने एका बाईकवाल्याला उडवलं, त्याचा पाय मोडला, आणि मोटार अपघात दाव्याची नोटीस आली काकांच्या नावाने. गाडीची पॉलिसी तर टोटल लॉसबरोबरच संपलेली. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्येच स्पष्ट केलंय की गाडी विकली तरी आरटीओत ज्याच्या नावावर नोंद आहे तोच मालक धरला जातो, जबाबदारी त्याची. काका अजून तारखांना जातात. जवळ आहे काय, तर इन्शुरन्स कंपनीचा एक मेल ज्यात सॅल्व्हेज खरेदीदाराचं नाव होतं, तो आम्ही शोधून काढला, बस एवढंच.

यात नशिबाचा भाग नाही, हे टाळता येतं. माझी पद्धत सांगतो, कोणी जास्त काटेकोर म्हणालं तरी चालेल. खरेदीदाराचं नाव-पत्ता भरल्याशिवाय 29-30 वर सही नाही. त्याच्या आधार आणि पॅनची कॉपी, त्यावर त्याची सही. एक डिलिव्हरी लेटर, त्यात इंजिन नंबर, चासी नंबर, तारीख आणि वेळसुद्धा, कारण त्या वेळेनंतर गाडी तुमच्या ताब्यात नव्हती याचा तो पुरावा. क्रेनला गाडी अडकवलेली असताना माणूस, क्रेनचा नंबर आणि तुमची गाडी एका फोटोत. मग एमपरिवहन अ‍ॅपवर दर काही दिवसांनी नंबर टाकून बघायचं, नाव बदललं का. नाही बदललं तर मेल कंपनीला आणि अर्ज आरटीओला.

आणि गाडी खरोखर रस्त्यावर येण्याच्या पलीकडे गेली असेल तर सरळ आरसी रद्द करून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे तर गाडी कायमची निकामी झाली की 14 दिवसांत आरटीओला कळवायचंच असतं, पण हे माहीतच नसतं कोणाला. कटकट आहे, मान्य, बँकेची एनओसी आणि आरसीवरचं कर्ज उतरवायचा फॉर्म 35, चासी नंबरचा कापलेला तुकडा, ताडदेव किंवा अंधेरी किंवा वडाळा जिथली पासिंग असेल तिथे चकरा. एजंट म्हणतो रद्द न करता क्लेम घ्या, लवकर होईल, आणि लवकर होतोही, कारण आरसीसकट सॅल्व्हेजला भाव जास्त येतो. भाव का जास्त येतो ते विचारा कधी. चोरलेल्या गाडीवर टोटल लॉस गाडीचा चासी नंबर ठोकून त्याच आरसीवर विकणाऱ्या टोळ्या पोलिसांनी पकडलेल्या आहेत, तुमच्या नावाचा कागद त्या धंद्यात कशाला सोडायचा?

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करून बघणं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस पडला होता, तेव्हापासून दरवर्षी मिलन सबवे, अंधेरी सबवे, हिंदमाता यांची नावं बातम्यांत येतात तरी लोक पाण्यात सेल्फ मारतातच. इंजिनात पाणी ओढलं जातं, रॉड वाकतो, आणि कंपनी म्हणते हे तुमच्या चालू करण्याने झालं, इंजिन प्रोटेक्टचं जादा कव्हर नाही तर इंजिनाचे पैसे नाहीत. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये डॅशबोर्डपर्यंत बुडालेली असेल तरी तेच. हात लावू नका, फोटो काढा, जमलं तर बॅटरीची वायर काढा, फ्लॅटबेड बोलवा.

ईएमआय थांबवणं. गाडी नसली तरी कर्ज आहे, कंपनीचा चेक जाईपर्यंत हप्ता भरायचा. सिबिल खराब झालेलं कोणी दुरुस्त करून देत नाही.

बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आरसीवर आणि पॉलिसीवर न चढवणं. मुंबईत हे इतकं कॉमन आहे की मी आता आधी बॉनेट उघडतो मग कागद बघतो.

एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याची प्रीमियममधली सूट, खोटा सांगणं. मागच्या वर्षी क्लेम घेतलाय आणि नवीन कंपनीला नाही म्हणून सांगितलंय, तर टोटल लॉसच्या वेळी ते निघतंच, जुन्या कंपनीकडे विचारणा जातेच.

रिटर्न टू इनव्हॉइस, म्हणजे गाडी गेली तर बिलाची किंमत देणारं कव्हर, घेतलंय पण इनव्हॉइसच सापडत नाही. बिल, रोड टॅक्सची पावती, दोन्हीचे स्कॅन आज करा.

गॅरेजमध्ये गाडी पडू देणं. क्लेम वादात असेल तरी पार्किंग चार्ज लागतो, आम्हीही लावतो. गाडी आणायच्या आधी रेट लेखी घ्या.

डिस्चार्ज व्हाउचर, म्हणजे क्लेमची रक्कम मान्य असल्याचा कागद, न वाचता सही करणं. त्यावर 'फुल अँड फायनल' लिहिलेलं असतं. रक्कम पटली नसेल तर सही करू नका, करावीच लागली तर 'अंडर प्रोटेस्ट', म्हणजे हरकत ठेवून, असं लिहून करा आणि त्याच दिवशी कारण मेल करा. सर्व्हे रिपोर्टची कॉपी मागा, तो तुमचा हक्क आहे, ती वाचल्याशिवाय भांडण कशावर करणार.

आणि भांडायची वेळ आली तर लगेच वकील शोधू नका. आधी कंपनीच्या ग्रीव्हन्स सेलला लेखी तक्रार, जोडीला विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर. एक महिना उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर इन्शुरन्स लोकपाल, मुंबईचं ऑफिस सांताक्रूझ वेस्टला एस. व्ही. रोडवर जीवन सेवा अ‍ॅनेक्समध्ये आहे. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे ऐकतात, फक्त कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जायचं. जाताना तारखेप्रमाणे लावलेले मेल, पॉलिसी, असेसमेंट आणि डिलिव्हरी लेटर एका फाइलमध्ये लावून न्या, आणि सगळ्याची एक झेरॉक्स घरी ठेवा.