क्रॉप केलेल्या फोटोवरून पिक्चर ओळखायचा खेळ खेळताय? या चुका टाळा

ग्रुपवर हा खेळ रंगला की रात्री बारापर्यंत मेसेज थांबत नाहीत, पण फसला की दोन राउंडमध्ये सगळे गप्प, आणि बहुतेक वेळा गडबड फोटो कापणाऱ्याकडूनच झालेली असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हिरोचे डोळे ठेवायचे आणि बाकीचं उडवायचं. त्यावरून नट ओळखू येतो, पिक्चर कसा ओळखणार? अशोकमामा आणि लक्ष्यानी एकत्र एवढे पिक्चर केलेत की नुसता शर्टाचा कोपरा बघून लोक एकामागून एक नावं टाकत बसतात आणि बरोबर उत्तर आलं तरी ते नशिबानंच येतं. त्यापेक्षा फक्त त्याच पिक्चरमध्ये सापडेल अशी गोष्ट शोधा. उदाहरणार्थ 'फँड्री' घ्या, शेवटाकडे डुक्कर बांबूला लटकवून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई दिसतात ना, तिथली सगळी माणसं कापून टाका आणि भिंतीचा रंग नि बांबूचं टोक एवढंच ठेवा. ज्यानं तो पिक्चर मन लावून बघितलाय त्याच्या पोटात एकदम कालवतं. खरा खेळ तो आहे, माझ्या मते तरी.

फोटो फुटतो ही दुसरी कायमची तक्रार. साधं गणित आहे, फुल एचडी फ्रेम १९२० बाय १०८० ची असते, तिची रुंदी आणि उंची दोन्ही दहावा भाग ठेवलीत तर हातात १९२ बाय १०८ उरतं, वर व्हॉट्सॲप ते अजून दाबतं. जुन्या मराठी पिक्चरची व्हीसीडी तर ३५२ बाय २८८ चीच, त्यामुळे तिथे तुकडा मोठाच ठेवा. काहीजण क्वालिटी जाऊ नये म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवतात, ते चांगलंय, फक्त आधी फाइलचं नाव बदला कारण डॉक्युमेंटबरोबर नाव पण जातं आणि त्यातच पिक्चरचं नाव असलं तर संपलं. पॉवरपॉइंटमध्ये क्रॉप करत असाल तर कापलेला भाग आत तसाच राहतो, कोणीही स्लाइड उघडून पूर्ण फोटो बघू शकतो, म्हणून स्क्रीनशॉट काढूनच टाका.

लगेच उत्तर येतंय आणि तुम्हाला कोणी गूगल लेन्सनं फोटो सर्च केल्याचा संशय येतोय? मग नेटवरचे पब्लिसिटी फोटो वापरणं आधी बंद करा, ते सर्चमध्ये पटकन सापडतात. शिवाय असे फोटो बरेचदा सेटवर स्टिल फोटोग्राफरनं वेगळे काढलेले असतात, म्हणजे तो अँगल पिक्चरमध्ये नसतोच, आणि दहा वेळा बघणारा बिचारा डोकं खाजवत राहतो. ब्लॅक अँड व्हाइट पिक्चरची लॉबी कार्ड, म्हणजे थिएटरात जाहिरातीला लावायचे फोटो, तर हातानं रंगवलेली पण असायची, त्यावरून रंगीत पिक्चर शोधायला लावणं अन्याय आहे. फ्रेम स्वतः पिक्चर थांबवून काढा. चौकोनी जुना पिक्चर टीव्हीभर ताणलेला असेल तर आधी तो सरळ करा, नाहीतर ओळखीचे चेहरे पण फुगलेले दिसतात.

वाद होतात ते नावांवरून. 'पिंजरा' मराठीत आणि हिंदीत दोन्हीकडे आहे, 'उंबरठा'चं हिंदी रूप 'सुबह', 'देवदास' तर १९३५, १९५५, २००२. अशा वेळी साल पण विचारणार का, हिंदी नाव चालणार का, हे फोटो टाकायच्या आधी सांगा, मागून सांगितलं की भांडण ठरलेलं.

कोणालाच येत नसेल तर नटाचं नाव सांगून टाकू नका, तोच फोटो थोडा रुंद कापून परत टाका, मग अजून थोडा, लोक परत जागे होतात. आणि पहिलं उत्तर कोणाचं हे ठरवताना 'एडिटेड' लिहिलेला मेसेज धरू नका, व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटांपर्यंत मेसेज बदलता येतो.