किरणोत्सर्गानंतर बोनमॅरोला सावरणारी औषधं: कधी, किती आणि चूक कुठे होते

गॅमा किरणांचा मोठा डोस पूर्ण अंगावर पडलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी बरा दिसतो. उलट्या थांबलेल्या असतात, हिमोग्लोबिन नॉर्मल असतं, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) तर कधीकधी वाढलेले असतात. इथेच वेळ वाया जातो. रक्तपेशी तयार करणाऱ्या मॅरोमध्ये मूळ पेशी मरत असतात, पण रक्तातला आधीचा साठा अजून संपलेला नसतो. न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट तळ गाठतात ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात. औषध मात्र पहिल्या २४ तासांत सुरू व्हायला हवं.

ही माहिती जिल्हा रुग्णालयातले डॉक्टर, निवासी डॉक्टर आणि औद्योगिक रेडिओग्राफी (किरणांनी धातूच्या जोडांची तपासणी) करणाऱ्या कंपन्यांचे वैद्यकीय अधिकारी यांच्यासाठी आहे. यातलं कोणतंही इंजेक्शन घरी घ्यायचं नाही. आणि एक भीती आधीच दूर करायला हवी: बाहेरून किरण लागलेला माणूस स्वतः किरणोत्सर्गी होत नाही. कपड्यांवर किंवा त्वचेवर धूळ असेल तरच काळजी. मीटरने तपासा, कपडे उतरवा, साबण-पाण्याने धुवा. जीव धोक्यात असेल तर उपचार आधी.

किती डोस लागला असेल?

मॅरोसाठी औषध द्यायचं ते पूर्ण शरीराला २ ग्रेपेक्षा (ग्रे हे शोषलेल्या किरणांचं एकक) जास्त डोस लागल्याची शंका असेल तर. उपचार मिळाले नाहीत तर ३.५ ते ४ ग्रेच्या आसपास निम्मी माणसं दोन महिन्यांत दगावतात. उलटी किती वेळाने सुरू झाली ते मिनिटांसकट लिहून घ्या. जितकी लवकर तितका डोस जास्त. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) लगेच करा आणि पहिले दोन दिवस दर ६ ते १२ तासांनी परत करा. पाहायचं ते लिम्फोसाइटकडे (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार). त्यांची संख्या ४८ तासांत ५०० (प्रति मायक्रोलिटर) च्या खाली गेली तर दुखापत गंभीर आहे.

डोसचा अंदाज देणाऱ्या क्रोमोसोमच्या तपासणीसाठी रक्त हेपॅरिनच्या नळीत घ्यायचं, ईडीटीएच्या नाही. शक्यतो २४ तासांनंतर, आणि रक्त चढवण्याआधी. नमुना गोठवू नका. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात ही तपासणी होते. पेशी वाढवायलाच दोन दिवस लागतात, म्हणून निकालाची वाट पाहत इंजेक्शन थांबवू नका.

औद्योगिक अपघातात बहुधा इरिडियम-१९२ चा सोर्स (किरण सोडणारा तुकडा) कुणीतरी हाताने उचललेला किंवा खिशात ठेवलेला असतो. तिथे बोटं किंवा मांडी जळते, पण मॅरोला लागलेला डोस थोडा असू शकतो. लिम्फोसाइट टिकून असतील तर अशा रुग्णाला ही इंजेक्शनं लागत नाहीत.

औषधं आणि मात्रा

जी-सीएसएफ (पांढऱ्या पेशी वाढवणारं प्रथिन; खालची फिलग्रास्टिम आणि पेगफिलग्रास्टिम त्याचेच प्रकार) मेलेली पेशी जिवंत करत नाही. उरलेल्या पूर्वज पेशींना ते मरण्यापासून वाचवतं आणि भराभर विभागायला लावतं. उशीर झाला की ज्यांच्यावर काम करायचं त्या पेशीच कमी उरतात. माणसांवर असे प्रयोग करता येत नाहीत, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने या वापराला मंजुरी दिली ती मुख्यतः माकडांवरच्या अभ्यासांवरून. फिलग्रास्टिमच्या अभ्यासात औषध न मिळालेल्या गटात ६० दिवसांत ५९ टक्के माकडं मेली, औषध मिळालेल्या गटात २१ टक्के.

फिलग्रास्टिम (मंजुरी २०१५): वजनाच्या प्रत्येक किलोला १० मायक्रोग्रॅम, रोज एकदा, त्वचेखाली. ६० किलोच्या माणसाला ६०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ३०० च्या दोन सिरिंज. केमोनंतर आपण ५ च्या हिशेबाने देतो. त्याच सवयीने इथे निम्मा डोस जातो.

पेगफिलग्रास्टिम (२०१५): मोठ्या माणसाला ६ मिलिग्रॅम, आणि एका आठवड्याने पुन्हा ६. केमोच्या सवयीमुळे दुसरा डोस विसरला जातो. ४५ किलोखालच्या मुलांना वजनानुसार कमी.

सारग्रामोस्टिम (२०१८): ४० किलोवरच्या माणसाला किलोमागे ७ मायक्रोग्रॅम, रोज.

रोमिप्लोस्टिम (२०२१): हे प्लेटलेटसाठी. किलोमागे १० मायक्रोग्रॅम, एकदाच. आयटीपीमध्ये (शरीर स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करतं तो आजार) सुरुवात किलोमागे १ ने होते, त्यामुळे औषधविभागातून हमखास फोन येतो. प्रिस्क्रिप्शनवर कारण स्पष्ट लिहा. २५० मायक्रोग्रॅमच्या वायलमध्ये ०.७२ मिली स्टराइल वॉटर घातलं की ०.५ मिलीत २५० मिळतात. ६० किलोला १.२ मिली, म्हणजे तीन वायल. वायल हलक्या हाताने फिरवा, खळखळवू नका, प्रथिन बिघडतं.

आणखी एक चूक वॉर्डात सर्रास होते. फिलग्रास्टिम शिरेतून द्यायचं ठरलं तर ते फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये पातळ करायचं. सलाइनमध्ये त्याचा साका धरतो. साठवण २ ते ८ अंशांत. गोठलं तर वापरू नका.

आकड्यांनी फसू नका

जी-सीएसएफ सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत न्यूट्रोफिल उसळतात. ही मॅरोची भरपाई नव्हे, साठ्यातला माल बाहेर आलेला असतो. ‘काउंट छान आलाय’ म्हणून इथे औषध बंद केलं की रुग्ण पुढच्या आठवड्यात कोसळतो. सीबीसी दर तिसऱ्या दिवशी करा. संख्या तळाला जाऊन वर आली आणि लागोपाठ तीन तपासण्यांत १,००० च्या वर राहिली, किंवा तळानंतर १०,००० च्या वर गेली, तरच फिलग्रास्टिम थांबवा.

दुसरी फसगत स्टेरॉइडची. उलटीसाठी डेक्सामेथासोन दिलं की न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात, आणि डोसचा सगळा अंदाज बिघडतो. त्याऐवजी ऑनडॅन्सेट्रॉन द्या.

हाडं दुखली तर अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन नको; प्लेटलेट कमी असताना रक्तस्राव होतो. पॅरासिटामॉल चालतं, पण आधी ताप मोजून, कारण ते ताप झाकतं. डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात दुखत असेल तर प्लीहेची सोनोग्राफी लगेच करा. जी-सीएसएफमुळे प्लीहा क्वचित फाटते. को-ट्रायमोक्साझोल, लिनेझोलिड, क्लोरॅम्फेनिकॉल, गॅनसायक्लोव्हिर आणि अ‍ॅनाल्जिन ही मॅरोलाच दाबणारी औषधं आहेत. पर्याय असेल तर टाळा.

न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेले की लेव्होफ्लॉक्सासिन आणि फ्लुकोनाझोल. ताप आला तर कल्चर घेऊन नेहमीचा फेब्राइल न्यूट्रोपेनियाचा प्रोटोकॉल. प्लेटलेट १०,००० च्या खाली गेले की चढवा. चढवायचं प्रत्येक रक्त २५ ग्रेने विकिरित केलेलं हवं, नाहीतर दात्याच्या लिम्फोसाइट रुग्णावरच हल्ला करतात आणि त्यातून रुग्ण सहसा वाचत नाही. सख्ख्या नातेवाइकांचं रक्त टाळा. ब्लड इरॅडिएटर नवी मुंबईतली ब्रिट ही सरकारी संस्था बनवते. तुमच्या जवळच्या कोणत्या रक्तपेढीत तो आहे हे अपघाताआधीच माहीत करून ठेवा.

ज्यांचा मॅरोला उपयोग नाही

पोटॅशियम आयोडाइड फक्त थायरॉइडला वाचवतं, तेही किरणोत्सर्गी आयोडीनपासूनच. प्रशियन ब्लू शरीरात गेलेलं सीझियम बाहेर काढतं. सीझियम गिळलं किंवा श्वासातून गेलं असेल तरच द्यायचं. अमिफोस्टिन किरण लागण्याआधी द्यावं लागतं, नंतर काहीच कामाचं नाही.

निदान उशिरा झालं तर

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठातून भंगारात गेलेल्या यंत्रातलं कोबाल्ट-६० उघड्यावर आलं आणि एका माणसाचा जीव गेला. अशा घटनेत आपल्याला किरण लागलेत हे रुग्णाला ठाऊकच नसतं. भंगारवाला, उलट्या, काळवंडलेली त्वचा आणि घसरलेले काउंट हे एकत्र दिसलं तर विचारा. पेशी आधीच पडल्या असतील तरी जी-सीएसएफ सुरू करा.

प्रत्यारोपण

घाई नको. चेर्नोबिलनंतर १३ जणांवर मॅरो प्रत्यारोपण झालं आणि बहुतेक दगावले; जे जगले त्यांचा स्वतःचाच मॅरो परत आला होता. अपघातात शरीराचा काही भाग बहुधा झाकलेला असतो, आणि तिथल्या थोड्या मॅरोतूनही पुन्हा उभारी येते. दोन-तीन आठवडे औषध देऊनही काही हललं नाही, आणि आतडी, फुप्फुसं, त्वचा शाबूत असतील, तरच प्रत्यारोपणाचा विचार करायचा. मात्र एचएलए तपासणीचं (दात्याशी जुळणी पाहण्याचं) रक्त पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा, कारण तिसऱ्या दिवसापर्यंत तपासायला पुरेशा लिम्फोसाइट कदाचित उरलेल्याच नसतील.