ऑनलाइन चर्चागटाचं नाव कसं ठरवावं?

नागपुरात कुठलाही गट उघडायचं ठरलं की 'ऑरेंज सिटी' नाहीतर 'संत्रानगरी' हे शब्द लगेच पुढे येतात. गावावरचं प्रेम समजण्यासारखं आहे. पण दुकानांच्या पाट्यांपासून शिकवणी वर्गांपर्यंत हे शब्द इतके वापरून झालेत की गट कशाचा आहे, ते त्यातून कळत नाही. आपण इथे काय विचारू शकतो, हे नवख्या माणसाला नावावरूनच समजायला हवं.

म्हणून नावं सुचवायच्या आधी कागदावर प्रश्न लिहून काढा. समजा, गच्चीत आणि बाल्कनीत झाडं लावणाऱ्यांचा गट करायचाय. लोक काय विचारतील? मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की कढीपत्ता कसा जगवायचा? ग्रीन नेट कधी बांधायची? कुलरच्या टाकीत उरलेलं पाणी कुंडीला चालतं का? चांगलं शेणखत कुठे मिळेल? आता हे प्रश्न समोर ठेवून 'हरित नागपूर' हे नाव वाचा. ऐकायला भारदस्त आहे. पण त्या नावाखाली चार दिवसांत रस्त्यासाठी तोडलेली झाडं, अंबाझरी तलावातली जलपर्णी आणि महापालिकेच्या तक्रारी सुरू होतील. हे विषय महत्त्वाचेच आहेत, त्यांना स्वतंत्र गट हवाच. पण त्या गर्दीत कढीपत्त्याचा प्रश्न वाहून जातो आणि कोणाला टोकताही येत नाही, कारण नावानंच त्यांना आत बोलावलेलं असतं. 'कुंडीतली बाग, नागपूर' असं नाव असलं, तर विषय सोडून लिहिणाऱ्याला ॲडमिननं नावाची आठवण करून दिली तरी पुरतं. शिवाय 'बाग' हा शब्द शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या काकूंनाही कळतो.

पुढचं काम हद्द ठरवण्याचं. नावात 'धरमपेठ' ही एकच वस्ती घातलीत तर मानेवाड्याचा किंवा नंदनवनचा माणूस 'हा आपला गट नाही' म्हणून बाहेरच थांबेल. 'विदर्भ' म्हटलंत तर बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत ११ जिल्हे आत आले. भंडारा-गोंदियाकडे धान, अकोला-बुलढाण्याकडे कापूस. माती वेगळी, पाऊस वेगळा, प्रश्नही वेगळे. रोप आणायला किंवा बियाणं वाटून घ्यायला भेटायचं असेल तर शहराचं नाव पुरे. वस्तीचं नाव तेव्हाच घाला, जेव्हा चर्चा खरोखर त्या वस्तीपुरती असेल: पाण्याची वेळ, कचरागाडी, बंद पडलेले पथदिवे.

नाव सुचलं की ते मोबाईलवर बघा. व्हॉट्सॲपवर गटाच्या नावाला १०० अक्षरांची मुभा आहे, पण चॅटच्या यादीत लांब नावाची फक्त सुरुवात दिसते आणि उरलेलं कापलं जातं. ज्याच्या फोनमध्ये आधीच 'नागपूर' ने सुरू होणारे सात-आठ गट आहेत, त्याला तुमचा गट शोधताना त्रास होणार. वेगळेपणा सांगणारा शब्द आधी, गाव नंतर. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो आणि बहुतेक जण नेमका उलटा लावतात.

मग ते नाव मोठ्यानं म्हणा. नात्यातल्या एखाद्या ज्येष्ठ माणसाला फोनवर सांगा आणि एकदाच ऐकून त्यांना लिहिता येतं का बघा. टेलिग्रामवर सार्वजनिक गट करायचा असेल तर ही परीक्षा अधिकच गरजेची. तिथला दुवा रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेषा एवढ्यातच लिहावा लागतो, ५ ते ३२ अक्षरांत. 'वृक्षवल्ली' रोमनमध्ये चार जण चार तऱ्हेनं लिहितील. 'कुंडी' लिहिताना कोणी अडत नाही.

'काऊन बे' (म्हणजे 'का रे') सारखी नावं सीताबर्डीवर चहा पिणाऱ्या मित्रांच्या गटात शोभतात, तिथे तो शब्द आपलेपणाचाच असतो. पण गटात निवृत्त शिक्षक, सासूबाई, सोसायटीतले काका येणार असतील तर तो मोह टाळा. एकमेकांना अहो-जाहो करणाऱ्यांना त्या नावाखाली लिहिताना अवघडल्यासारखं होतं.

नावात साल नको, ते लवकर शिळं होतं. गट सुरू करणाऱ्याचं नावही नको. उद्या दुसऱ्या कोणी जबाबदारी घेतली तरी गट चालायला हवा. 'ऑफिशियल', 'महापालिका', 'पोलीस' हे शब्द तर अजिबात नकोत, लोकांची फसगत होते आणि तक्रार होऊ शकते. व्हॉट्सॲप गटात १०२४ सदस्य मावतात, म्हणून पुढे 'भाग २' जोडता येईल असं सुटसुटीत नाव बरं.

पक्कं करण्याआधी तेच नाव आधी कोणी घेतलंय का, ते फेसबुक आणि टेलिग्रामवर शोधा. मराठीत 'नागपूर' दीर्घ, हिंदीत 'नागपुर' ऱ्हस्व. दोन्ही लिहून बघा आणि रोमनमध्येही. मिळतंजुळतं नाव सापडलं तर आधी त्या गटात डोकावा. तिथे तुमचेच प्रश्न चालू असतील तर नवा गट काढण्यापेक्षा त्यात सामील व्हा.

शेवटी दोन-तीन नावं उरली की सदस्यांचं मत घ्या. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये १२ पर्याय देता येतात, पण तितके देऊ नका, मतं विखुरतात. निवड झाली की सेटिंगमध्ये गटाची माहिती बदलण्याचा अधिकार फक्त ॲडमिनकडे ठेवा, नाहीतर कोणीतरी होळीला नाव बदलेल आणि दिवाळीपर्यंत तेच राहील. वर्णनात दोन ओळी लिहा: गट कोणासाठी आहे आणि इथे काय विचारावं. चालू गटाचं नाव बदलत असाल तर वर्णनात 'पूर्वीचं नाव अमुक' हे महिनाभर राहू द्या. अनोळखी नाव दिसलं की लोक न विचारता गट सोडतात.