सोयाबीन पेरणी: जिवाणू खताचं पाकीट उन्हात मारू नका

पाऊस पडला की पेरणीची एकच झुंबड उडते, आणि त्या गडबडीत रायझोबियम या जिवाणू खताचं पाकीट ट्रॅक्टरच्या बॉनेटवर नाहीतर बांधावर उन्हात तापत पडतं. त्यातले जिवाणू तिथेच मरतात. मेलेलं पाकीट बियाण्याला चोळायचं आणि महिन्याभराने रान पिवळं पडलं की युरियाची गोणी आणायची, हे दरवर्षी पाहतोय. कळकळीने सांगतो, हे थांबवा.

रायझोबियम मुळात शिरून गाठी करतं, हवेतलं नत्र पिकाला देतं आणि बदल्यात पिकाकडून साखर घेतं. सोयाबीनचं रायझोबियम वेगळं असतं, हरभऱ्याचं पाकीट इथे चालत नाही. सोबत पीएसबी (स्फुरद म्हणजे फॉस्फरस विरघळवणारं जिवाणू खत) वापरा. काळ्या रानात चुन्याने धरून ठेवलेलं स्फुरद ते आम्ल सोडून मोकळं करतं.

प्रमाण: १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम आणि २५० ग्रॅम पीएसबी. द्रवरूप असेल तर प्रत्येकी १०० मिली.

क्रम चुकवू नका. आधी बुरशीनाशक (कार्बोक्झिन अधिक थायरम, किलोला ३ ग्रॅम), ते सुकलं की कीटकनाशक, आणि जिवाणू सगळ्यात शेवटी, पेरणीच्या तोंडावर. बियाणं सावलीत गोणपाटावर पसरून हलक्या हाताने चोळा, सोयाबीनचं टरफल फार नाजूक असतं. त्याच दिवशी पेरून मोकळे व्हा. पिशवीतलं बियाणं आधीच रंगीत औषध लावलेलं असेल, तर जिवाणू दीडपट घ्यावेत असं माझं मत आहे. हा अनुभवाचा अंदाज आहे, शिफारस नाही.

बाकी कामं:
- ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावर, वापशावर (रानात ओल आहे पण चिखल नाही अशा वेळी) पेरणी
- उगवण ७० टक्क्यांच्या वर असलेलं बियाणं, एकरी ३० किलो
- अंतर ४५ × ५ सेंमी, खोली ३ ते ५ सेंमी
- जिवाणू लावलेलं बियाणं रासायनिक खतात मिसळू नये

खताच्या गोणीबरोबर कुणी ह्युमिक, टॉनिकची बाटली गळ्यात मारू पाहत असेल तर घेऊ नका. त्या पैशात कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या जिवाणू खताची कितीतरी पाकिटं येतील. घेताना अंतिम तारीख आणि पिकाचं नाव वाचा. दुकानदाराने पाकिटं पत्र्याखाली तापत ठेवली असतील तर दुसरं दुकान गाठा. घरी माठाशेजारी, गारव्याला ठेवा.

पीक महिन्याचं झालं की चार-पाच ठिकाणची झाडं खुरप्याने मातीच्या ढेकळासकट काढा. उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतात. बादलीत मुळं धुवा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसलं तर नत्राचं काम चालू आहे, युरियाला हात लावू नका, जादा नत्राने गाठी मंदावतात. गाठी आतून पांढऱ्या किंवा हिरवट असतील, किंवा नसतीलच, तर फवारणीआधी ते झाड घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा.